खुर्ची गेली, पीळ राहिला

भिलाईत नवा माणूस भेटला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘कुठल्या सेक्टरात राहता?’ आणि ‘कुठल्या खात्यात आहात?’ या दोन उत्तरांत समोरच्याचा हुद्दा, पगार आणि क्वार्टरचा आकार, सगळे कळून जाते. पोलाद कारखान्याच्या गावात खुर्ची आणि घर यांची गाठ बांधलेली असते. खुर्ची सुटली की आज ना उद्या घरही सोडायचे. त्यामुळे पद गेल्यावर माणसाने काय करायचे, हा प्रश्न इथल्या प्रत्येक घरात कधी ना कधी येऊन बसतो. कुणी बागेत मन रमवतो, कुणी मुलाकडे पुण्याला किंवा नागपूरला जातो. आणि कुणी पुढची वीस वर्षे एकच गोष्ट सांगत राहतो, ‘त्या वेळी अमक्याने दगा दिला नसता, तर आज...’

या तिसऱ्या प्रकारच्या माणसाची एक मोठी गोष्ट आपल्याच मुलखात घडलेली आहे. आज ती फारशी कुणाला आठवत नाही. पण १९३८ च्या जुलै महिन्यात नागपूर, रायपूर, जबलपूर आणि अमरावती इथल्या ओट्या-ओट्यांवर याच गोष्टीची चर्चा होती. ती गोष्ट आहे डॉ. नारायण भास्कर खरे यांची.

मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांताचे ते पहिले काँग्रेसी पंतप्रधान. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत. डॉक्टर जन्माने पनवेलचे, वैद्यकीय शिक्षण लाहोरचे आणि कर्मभूमी नागपूर. चांगली चालणारी डॉक्टरी, परखड जीभ आणि कुणापुढे न वाकणारी मान, ही त्यांची भांडवले. यातली शेवटची दोन भांडवले राजकारणात माणसाला वर नेतात आणि तीच खालीही आणतात.

तीन चुलींचे एक घर

तो प्रांतच मुळी विचित्र होता. नकाशात एक, पण घरात तीन चुली. नागपूरच्या बाजूचे मराठी जिल्हे, वऱ्हाडचे मराठी जिल्हे आणि जबलपूरपासून रायपूर-दुर्ग-बिलासपूरपर्यंत पसरलेला हिंदी महाकोशल. काँग्रेसच्या प्रांतिक समित्याही तीन होत्या. नागपूरची वेगळी, विदर्भाची वेगळी आणि महाकोशलची वेगळी. राजधानी मात्र एकच, नागपूर. आपले दुर्गही याच प्रांतात होते. भिलाई तेव्हा रेल्वेलाइनच्या बाजूचे एक लहानसे गाव होते.

१९३५ च्या कायद्याप्रमाणे १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. प्रांताच्या ११२ जागांपैकी ७० काँग्रेसला मिळाल्या. पण काँग्रेसने लगेच सत्ता घेतली नाही. गव्हर्नरला कायद्याने जे विशेष अधिकार दिले होते, ते तो वापरणार नाही अशी हमी आधी हवी होती. त्यावर काही महिने घोळ चालला. अखेर व्हॉइसरॉयच्या निवेदनाने काँग्रेसचे समाधान झाले आणि जुलै १९३७ मध्ये डॉ. खऱ्यांचे मंत्रिमंडळ आले. हा गव्हर्नरच्या अधिकाराचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे नाटक याच खुंटीला टांगलेले आहे.

मंत्रिमंडळात तिन्ही चुलींची माणसे होती. महाकोशलचे तिघे म्हणजे रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल, जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र आणि शिवनीचे दुर्गाशंकर मेहता. वऱ्हाडचे दोघे, रामराव देशमुख आणि पु. बा. गोळे. शिवाय महंमद युसुफ शरीफ. आणि विधानसभेच्या अध्यक्षपदी आमच्या दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त. हे गुप्त १९३७ पासून १९५२ पर्यंत त्या आसनावर होते. पंतप्रधान आले नि गेले, अध्यक्ष तिथेच. पुढे भारताच्या राज्यघटनेच्या हिंदी अनुवादाचे काम ज्या समितीने केले तिचेही ते अध्यक्ष होते. दुर्गच्या या शांत माणसाला त्या गदारोळातला एकही दगड लागला नाही, हेही शिकण्यासारखेच.

संसार सुरू झाला आणि भांडी वाजू लागली. एका कैद्याला मुदतीआधी सोडल्याच्या प्रकरणावरून १९३८ मध्ये शरीफ यांना जावे लागले. शुक्ल-मिश्र एका बाजूला, देशमुख-गोळे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये डॉक्टर. कुठल्या खात्यात कुणाचा हात, कुणाची माणसे कुठे लागली, कुणी कुणाविरुद्ध वर्ध्याला चिठ्ठी धाडली, यावर रोज धुसफूस. डॉक्टर नावाचे पंतप्रधान. आपले मंत्री आपणच निवडावेत एवढाही अधिकार त्यांना उरला नव्हता, कारण मंत्री कोण असावेत नि कोण नसावेत हे वरून ठरत होते. सरदार पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रप्रसाद यांची पार्लमेंटरी समिती सगळ्या प्रांतांच्या मंत्रिमंडळांवर नजर ठेवून होती.

मे १९३८ मध्ये भांडण पचमढीला नेले गेले. पचमढी म्हणजे प्रांताचे उन्हाळ्यातले ठिकाण. तिथल्या थंड हवेत सरदार पटेलांसमोर समेट झाला. सगळ्यांनी मिळूनमिसळून काम करायचे ठरले. पण एकत्र कुटुंबातल्या भांडणात वडीलधाऱ्यांनी एकमेकांच्या हातात हात दिले, तरी मनातले अंतर तसेच राहते. पावसाळा सुरू झाला आणि समेट वाहून गेला.

ती एक रात्र

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात देशमुख आणि गोळे यांनी राजीनामे दिले. डॉक्टरांनी मनाशी हिशोब केला. पंतप्रधानाने राजीनामा दिला की सगळे मंत्रिमंडळ विसर्जित व्हावे, हा इंग्लंडमधला संकेत. मग गव्हर्नर पुन्हा त्यांनाच बोलावील आणि ते आपल्या मनासारखे नवे मंत्रिमंडळ बनवतील. महाकोशलचे तिघे आपोआप बाहेर. कागदावर हिशोब अगदी चोख होता.

२० जुलैला त्यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितले. शुक्ल, मिश्र आणि मेहता म्हणाले, आम्ही इथे पक्षाच्या आज्ञेने बसलो आहोत. दोन-तीन दिवसांत वर्ध्याला वर्किंग कमिटी भरते आहे. तिने सांगितले तर राजीनामा देऊ, तुमच्या सांगण्यावरून देणार नाही.

इथे थांबता आले असते. वर्धा नागपूरपासून काही तासांवर. दोन दिवस कळ काढली असती तर जे काय व्हायचे ते घरातल्या घरात झाले असते. पण डॉक्टर थांबले नाहीत. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना रात्रीतून बडतर्फ केले आणि २१ जुलैच्या सकाळी डॉ. खऱ्यांच्या नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी उरकला.

बातमी फुटली आणि काँग्रेसमध्ये आग भडकली. ज्या गव्हर्नरने काँग्रेसच्या कामात हात घालू नये म्हणून काही महिने सत्ता नाकारली होती, त्याच गव्हर्नरच्या हातून काँग्रेसच्या तीन मंत्र्यांना घालवले होते आणि तेही काँग्रेसच्याच पंतप्रधानाच्या सांगण्यावरून. भावाभावांच्या वाटणीत शेजारच्या सावकाराला मध्यस्थ केल्यासारखेच हे झाले. भावांचे भांडण लोक विसरतात, सावकाराला घरात आणलेला विसरत नाहीत.

डॉक्टरांना वर्ध्याला बोलावणे आले. २३ जुलैला त्यांना राजीनामा द्यावा लागला. शपथ घेतल्याला दोन दिवसच झाले होते. मग सेवाग्रामला गांधीजींसमोर बैठक झाली. चूक झाल्याचे कबूल करणारे एक निवेदन डॉक्टरांपुढे आले. त्यांनी त्यावर सही केली नाही. वर्किंग कमिटीने ठराव केला की, डॉ. खरे यांच्या हातून निर्णयाच्या गंभीर चुका झाल्या असून काँग्रेसमध्ये जबाबदारीची पदे सांभाळण्यास ते अपात्र ठरले आहेत. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. म्हणजे गांधीजी, सरदार, सुभाषबाबू, सगळे एका बाजूला आणि डॉक्टर एकटे. जुलै संपायच्या आत पंडित रविशंकर शुक्ल प्रांताचे पंतप्रधान झाले.

चूक कुणाची?

मराठी वृत्तपत्रांनी त्या वेळी मोठा गदारोळ केला. मराठी माणसावर अन्याय झाला, महाकोशलच्या हिंदी पुढाऱ्यांनी डाव साधला, असे नागपूर-वऱ्हाडात घरोघरी बोलले जात होते. आधल्याच वर्षी मुंबईत वीर नरिमन यांना डावलून बाळासाहेब खेरांना नेतेपद दिले गेले होते. ती जखमही ताजी होती. १ ऑक्टोबर १९३८ ला प्रांताच्या विधानसभेने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला, त्यामागे ही चीड मुळीच नव्हती असे कसे म्हणावे?

डॉक्टरांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या त्या औट घटकेच्या मंत्रिमंडळात रामेश्वर अग्निभोज हे अस्पृश्य समाजातले मंत्री होते. डॉक्टर पुढे म्हणत राहिले की हीसुद्धा काँग्रेसश्रेष्ठींना खुपली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधीजी यांच्यावरच्या आपल्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली आहे. तेव्हा डॉक्टर खलनायक आणि बाकीचे साधुसंत, अशी ही गोष्ट मुळीच नाही.

कायद्याने पाहिले तर डॉक्टरांचे काहीच चुकले नव्हते. मंत्री गव्हर्नरच्या मर्जीने पदावर असत आणि पंतप्रधानाने आपले मंत्रिमंडळ नव्याने बनवणे हा त्याचा हक्क होता. डॉक्टर आयुष्यभर हेच सांगत राहिले. अडचण एवढीच की ज्या सत्तर जागांच्या जोरावर ते पंतप्रधान झाले, त्या कायद्याने मिळाल्या नव्हत्या. त्या खादीच्या टोपीने मिळाल्या होत्या. डॉक्टरांच्या हातात कायदा होता, घर नव्हते.

रोमचा चुलतभाऊ

अशी माणसे काही एकट्या नागपुरात होत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये डॉक्टरांचा एक चुलतभाऊ होऊन गेला. त्याचे नाव सिसेरो. इसवी सनापूर्वी १०६ मध्ये आर्पिनम नावाच्या लहान गावी जन्मलेला हा वकील. घराण्यात कुणी रोमच्या सिनेटमध्ये बसलेले नव्हते. निव्वळ वाणीच्या बळावर तो चढत गेला आणि इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोमचा कॉन्सल झाला. कॉन्सल म्हणजे वर्षभरासाठी निवडले जाणारे सर्वोच्च पद. एका वेळी दोन कॉन्सल असत.

त्याच वर्षी कॅटिलाइन नावाच्या सरदाराचा कट उघडकीस आला. कॅटिलाइन शहराबाहेर निसटला, पण त्याचे पाच प्रमुख साथीदार रोममध्ये पकडले गेले. ५ डिसेंबरला सिनेटमध्ये वाद रंगला. ज्युलियस सीझर म्हणाला, यांना कैदेत ठेवा. केटो म्हणाला, मृत्युदंड द्या. सिनेट केटोच्या बाजूने झुकली. सिसेरोने वेळ दवडला नाही. त्याच संध्याकाळी पाचही जणांना तुरुंगात नेऊन गळफास दिला गेला. लोक मशाली घेऊन त्याला घरापर्यंत पोचवायला आले. त्याला देशाचा पिता म्हणून गौरवले गेले.

पण रोमचा एक जुना नियम होता. रोमन नागरिकाला खटल्याशिवाय ठार मारता येत नाही. पाच वर्षे गेली. इसवी सनापूर्वी ५८ मध्ये क्लोडिअस नावाच्या त्याच्या वैऱ्याने कायदा आणला की, ज्याने नागरिकाला खटल्याशिवाय मारले त्याला हद्दपार करावे. ज्यांनी सिनेटमध्ये माना डोलावल्या होत्या, ते सगळे तेव्हा दुसरीकडे पाहू लागले. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण रोमलाही लागू पडते. सिसेरो ग्रीसकडे निघून गेला. पॅलाटाइन टेकडीवरचे त्याचे घर पाडून टाकले गेले. परदेशातून तो आपला मित्र ॲटिकस याला पत्रे लिहीत होता. आजही वाचायला मिळणारी ती पत्रे म्हणजे नुसते रडगाणे आहे.

दोघांची तुलना करून पाहा. डॉ. खऱ्यांच्या हातात कायदा होता, पण घर नव्हते. सिसेरोच्या मागे घर होते, सिनेट होती, लोकांच्या मशाली होत्या, पण कायदा नव्हता. प्रत्येकाकडे एकेक पाय भक्कम. आणि दोघांनीही, एवढा पाय पुरे आहे असे समजून, एका रात्रीत पुढचे पाऊल टाकले. दोघांनाही थांबायला सवड होती. रोममध्ये खटला चालवता आला असता, नागपुरात वर्ध्याची वाट पाहता आली असती. आपली बाजू खरी आहे याची खात्री पटलेला माणूस सगळ्यांत जास्त घाई करतो. बाजू लंगडी असलेला माणूस चार ठिकाणी विचारतो, सल्ला घेतो आणि पुष्कळदा वाचतो.

पडल्यानंतरची वर्षे

पडण्याची गोष्ट इथे संपते. पण आमच्यासारख्यांच्या कामाची गोष्ट इथून पुढे सुरू होते. पडायला एक रात्र लागते. पडल्यानंतर मात्र तीस तीस वर्षे जगायचे असते.

डॉ. खरे रिकामे बसले नाहीत. १९४३ मध्ये ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४६ पर्यंत परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते सांभाळले. दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी कडक भूमिका घेतली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण तारीख पाहा. ‘चले जाव’च्या लढ्यात शुक्ल आणि मिश्र तुरुंगात होते, तेव्हा डॉक्टर दिल्लीत व्हॉइसरॉयच्या टेबलाशी बसले होते. १९३८ मध्ये ज्यांना त्यांच्याबद्दल हळहळ वाटली होती, त्यातल्या कितीजणांना हे रुचले असेल?

१९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. फाळणीच्या त्या वर्षी अलवरमध्ये मेव मुसलमानांवर भयंकर अत्याचार झाले. त्या कारभाराचा डाग डॉक्टरांच्या नावावर कायमचा राहिला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि संशयाची सुई अलवरकडेही वळली. केंद्र सरकारने संस्थानचा कारभार हातात घेतला, डॉक्टरांना पदावरून जावे लागले आणि दिल्लीत अडकून पडावे लागले. हत्येच्या कटाशी त्यांचा संबंध असल्याचे काही सिद्ध झाले नाही. पण दुसऱ्यांदा खुर्ची गेली ती गेलीच. मग हिंदू महासभेचे अध्यक्षपद आले. पहिल्या लोकसभेत ते ग्वाल्हेरहून महासभेचे खासदार म्हणून बसले. १९५९ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपल्या राजकीय आठवणी प्रसिद्ध केल्या. १९३८ ला एकवीस वर्षे होऊन गेली होती, तरी तो जुलै महिना त्यांच्यासाठी काही संपला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही, असे जुनी माणसे म्हणत ते उगाच नव्हे.

आता जिंकलेल्यांचे पाहू. पंडित रविशंकर शुक्ल १९३८-३९ मध्ये आणि नंतर १९४६ पासून १९५६ पर्यंत प्रांताचे प्रमुख होते. भिलाईचा पोलाद कारखाना आपल्याच भागात यावा म्हणून त्यांनी जो जोर लावला, तो इथले लोक आजही मानतात. सोव्हिएत रशियाशी करार झाला फेब्रुवारी १९५५ मध्ये. तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. खऱ्यांच्या प्रकरणात पार्लमेंटरी समितीवर असलेले हेच ते राजेंद्रबाबू. ते पाहायला शुक्लजी उरले नव्हते. ३१ डिसेंबर १९५६ ला, नवे मध्यप्रदेश राज्य होऊन दोन महिने झाले नाहीत तोच, ते वारले.

द्वारकाप्रसाद मिश्रांची कथा अधिकच रंगतदार आहे. १९५१ मध्ये नेहरूंशी बिनसले म्हणून ते मंत्रिपद सोडून बाहेर पडले. पुढची काही वर्षे सागर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६३ मध्ये परत येऊन मुख्यमंत्री झाले. छत्तीसगढमधल्या कसडोलहून पोटनिवडणूक जिंकली. जुलै १९६७ मध्ये, पुन्हा तोच जुलै, राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या साथीने काँग्रेसचे छत्तीस आमदार फुटले आणि मिश्रांचे सरकार कोसळले. वर कसडोलच्या निवडणूक खर्चावरून न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले. १९३८ मध्ये दुसऱ्याच्या खुर्चीखालची सतरंजी ओढली गेलेली पाहणाऱ्याला एकोणतीस वर्षांनी तोच अनुभव आला. राजकारणात उधारी फार दिवस राहत नाही.

तिसऱ्या नावाची गोष्ट

आता मुद्दाम शेवटी ठेवलेले एक नाव. डॉ. खऱ्यांच्या त्या दोन दिवसांच्या मंत्रिमंडळात ठाकूर प्यारेलालसिंह हेही मंत्री होते. भिलाईहून नागपूरच्या रस्त्याला लागले की दुर्गनंतर राजनांदगाव येते. त्याजवळच्या दैहान गावचा हा वकील. राजनांदगावच्या बंगाल नागपूर कॉटन मिलमध्ये मजुरांकडून रोजचे बारा-बारा तास काम करून घेत. त्याविरुद्ध १९२० मध्ये दीर्घकाळ संप झाला, त्याचे नेते ठाकूरसाहेब. पुढे संस्थानने त्यांना हद्दपार केले, तेव्हा ते रायपूरला आले. रायपूर नगरपालिकेचे अध्यक्षही झाले.

खुर्ची त्यांचीही त्याच दिवशी गेली. महाकोशलचा माणूस, पण महाकोशलच्या मंत्र्यांना हटवणाऱ्यांच्या बाजूला उभा राहिला. घरच्यांच्या दृष्टीने अपराध डॉक्टरांपेक्षा काकणभर जास्तच. डॉक्टरांच्या मागे निदान नागपूरची हळहळ होती. ठाकूरसाहेबांच्या मागे काय होते?

त्यांनी काय केले ते सांगतो. त्यांनी विणकरांकडे मोर्चा वळवला. छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांत हातमागावर बसणारी घरे सूत आणणाऱ्या नि कापड उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुठीत असत. सूत त्याने द्यायचे, भावही त्यानेच ठरवायचा. १९४५ मध्ये ठाकूरसाहेबांनी विणकरांचा सहकारी संघ उभा केला. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसशी पटेना तेव्हा विरोधी पक्षातून १९५२ ची निवडणूक लढवली आणि विधानसभेत गेले. मग विनोबांच्या भूदानाची हाक आली. साठी ओलांडलेला हा माणूस गावोगाव पायी हिंडू लागला. १९५४ मध्ये त्या पदयात्रेतच त्यांचा अंत झाला. आज छत्तीसगढ सरकार सहकारातल्या कामासाठी जो राज्यस्तरीय सन्मान देते, तो ठाकूर प्यारेलालसिंह यांच्या नावाने. त्यांच्या दोन दिवसांच्या मंत्रिपदाची आठवणही कुणाला राहिलेली नाही.

एकच मंत्रिमंडळ, एकच शपथ, एकच पतन. एकाला ते पुढे आयुष्यभर पुरले, दुसऱ्याने ते तिथेच वर्ध्याच्या रस्त्यावर टाकून दिले.

सिसेरोच्या बाबतीत तर हे दोन्ही एकाच माणसात दिसते. हद्दपारीतून तो सुमारे दीड वर्षाने परत आला. पुढे सीझरच्या हाती सारी सत्ता गेली आणि सिसेरोला कुणी विचारीनासे झाले. इसवी सनापूर्वी ४५ मध्ये त्याची लाडकी लेक तुलिया बाळंतपणानंतर गेली. पद नाही, मुलगी नाही. त्या दोन वर्षांत त्याने जे ग्रंथ लिहिले, ते आजही जग वाचते. कर्तव्य म्हणजे काय हे सांगणारा ग्रंथ तर त्याने अथेन्सला शिकणाऱ्या मुलाला उद्देशून लिहिला. पण सीझरचा खून झाला आणि राजकारणाने पुन्हा हाक मारली. अँटनीविरुद्ध त्याने चौदा जळजळीत भाषणे रचली. इसवी सनापूर्वी ४३ च्या ७ डिसेंबरला अँटनीच्या माणसांनी त्याला गाठले. त्याचे शिर आणि हात रोमच्या ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे, तिथेच टांगले गेले. कॉन्सलपद, मशाली, गौरव हे सारे इतिहासाच्या पुस्तकात गेले. घरात बसून दुःखात लिहिलेली पाने तेवढी लोकांच्या कपाटात राहिली.

वाचकहो, तुमच्या-आमच्या आयुष्यात कुठले कॉन्सलपद आणि कुठले पंतप्रधानपद! पण सोसायटीचे सचिवपद असते, मंडळाचे अध्यक्षपद असते, शाळेचे मुख्याध्यापकपद असते, कारखान्यातली एखादी फोरमनची खुर्ची असते. घरातली किल्ल्यांची जुडीसुद्धा एक खुर्चीच. सून आल्यावर ती कमरेची काढून देताना जिवाचे काय होते, ते ज्या बाईने दिली तिलाच ठाऊक. या खुर्च्याही जातात. कधी वयाने, कधी मतांनी, कधी खरोखरच कुणाच्या कारस्थानाने. अन्याय झाला असेल तर तो अन्यायच. तो नाकारून शहाणपण शिकवणे सोपे असते, म्हणून ते मी करणार नाही. डॉ. खऱ्यांवर थोडा अन्याय झालाच होता.

पण अन्यायाला आपण किती वर्षे घरात जेवायला वाढायचे, हे आपल्या हातात असते. ज्यांनी त्याला जन्मभर पाटावर बसवले, त्यांच्या पोराबाळांनाही त्याचे उष्टे काढावे लागते. रोज संध्याकाळी ‘अमक्याने दगा दिला’ ही कथा ऐकत मोठी झालेली मुले आपण पाहिली आहेत. त्या मुलांना त्या अमक्याचे नाव पाठ असते. वडिलांनी उभे केलेले काम मात्र त्यांना सांगता येत नाही, कारण वडिलांनी ते कधी सांगितलेलेच नसते.

राजनांदगावचा तो वकील २३ जुलै १९३८ नंतर आणखी सोळा वर्षे जगला. त्या वर्षांत त्याने किती मैल चालून काढले असतील, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. विणकरांच्या घरांतल्या मागांनी तेवढा ठेवला असेल.